तिसरा घरभेदी

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत डबा संपला तेव्हा माझ्याकडे बावीस मिनिटं उरली होती. त्यातली फक्त पाच मिनिटं मोबाइलवर 'घरभेदी'चा नवा भाग पाहायचा, असं मी ठरवलं. पाच मिनिटांनी कुणाचं काय बिघडतं? (लग्नाचा निर्णय मी तीन मिनिटांत घेतला होता आणि तो बरोबर निघाला, असं बायको सांगते.)

'घरभेदी' हा टीव्हीवरचा खेळ. एका मोठ्या बंगल्यात बारा माणसं राहतात. त्यातले तिघं छुपे घरभेदी. त्यांनी वरून सगळ्यांशी गोड बोलायचं आणि गुपचूप एकेकाला बाद करायचं. बाकीच्यांनी रोज टेबलाभोवती बसून वाद घालायचा, घरभेदी कोण ते ओळखायचं आणि मतं देऊन त्याला बाहेर काढायचं. यंदा खेळवाल्यांनी एक खोडी करून ठेवली होती. तिघांपैकी दोघं प्रेक्षकांना पहिल्याच भागात दाखवले, पण तिसरा आमच्यापासूनही लपवला. तो सातव्या भागात उघड होणार होता.

भाग टीव्हीवर शनिवारी संध्याकाळी आठला लागतो. मोबाइलवर मात्र तो शुक्रवारी दुपारीच येतो. म्हणून बायकोनं पहिल्याच आठवड्यात नियम घालून दिला होता : कुणीही आधी पाहायचं नाही, शनिवारी सगळ्यांनी एकत्र पाहायचं. सगळे म्हणजे बायको, सासूबाई, कॉलेजात जाणारी लेक आणि सोफ्यावर जागा न उरल्यामुळे खुर्चीत बसलेला मी.

पाहणं एक तास आणि त्यावरचा वाद आठवडाभर, असं आमचं चाललं होतं.

"त्या नर्सनं केकवालीला बहीण म्हटलं आणि तिलाच बाद केलं," बायको म्हणायची. "खेळ आहे हे मान्य. पण बहीण म्हणायची काय गरज होती?"

"आई, ती स्ट्रॅटेजी आहे," लेक म्हणायची. "बहीण म्हटलं नसतं तर संशय आला असता."

"मग मावशी म्हणायचं," सासूबाई म्हणायच्या.

मी या वादात जरा वरच्या पट्टीत बोलत असे. पाणीपुरवठा कार्यालयात मी एकोणीस वर्षं तक्रारअर्ज घेतोय. माणूस मला कळतो, असा माझा समज होता. त्या समजाच्या जोरावर मी दुसऱ्याच भागात जाहीर केलं होतं की तिसरा घरभेदी म्हणजे तो निवृत्त बसड्रायव्हर. हा गृहस्थ रोज सकाळी सगळ्यांसाठी चहा करायचा आणि वर सगळ्यांचे कप धुवायचा. हेतू असल्याशिवाय कुणी दुसऱ्याचे कप धुवत नाही. (मी आजवर धुतलेले नव्हते.)

बायकोचा मात्र त्या ड्रायव्हरवर फार जीव. "असा एक माणूस त्या घरात आहे म्हणून मी बघते," असं ती म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडे पाहायची.

तर पाच मिनिटं. पाचाची बावीस कधी झाली ते कळलं नाही. उरलेला भाग मी जुन्या फायलींच्या खोलीत, कपाटामागे उभा राहून पाहिला. शेवटी ड्रायव्हर एकटाच स्वयंपाकघरात आला, त्यानं एक कप धुऊन पालथा घातला आणि कॅमेऱ्याकडे पाहून डोळा मारला. तिसरा घरभेदी तोच.

पहिल्या क्षणी मला आनंद झाला. दुसऱ्या क्षणी कळलं की हा आनंद कुणाला सांगता येणार नाही. आमच्या ऑफिसात टपालाचे दोन कारकून. येणारं मी नोंदवतो, जाणारं माझा शेजारी नोंदवतो. म्हणून मला सगळे आवक म्हणतात आणि त्याला जावक. आत आलेलं आतच ठेवायचा मला एकोणीस वर्षांचा सराव, पण तो कागदांच्या बाबतीत. चेहऱ्याच्या बाबतीत मी जावक आहे.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायकोनं दारातच विचारलं, "काय झालं?"

"कुठे काय?"

"चेहरा असा का?"

"ऊन होतं."

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मला वाटलं, आपण नेहमीसारखा ड्रायव्हरवर संशय घेतला तर तोंडावर काहीतरी दिसेल. तेव्हा उलट बोलावं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "मला आता वाटतंय, तो ड्रायव्हर सज्जन माणूस आहे."

तिघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. बायकोचा चेहरा असा उजळला की मलाच कानकोंडं झालं. ती फोन घेऊन गॅलरीत गेली. दहा मिनिटांनी परत आली ती हसतच.

"मोठ्या बाईंशी पैज लावली," ती म्हणाली.

मोठ्या बाई म्हणजे ती शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सुट्टीत गणितात कच्च्या मुलांचा आठ दिवसांचा वर्ग घ्यायचा होता. तो एक तर बाईंनी घ्यायचा, नाही तर बायकोनं. बाईंचं म्हणणं ड्रायव्हर घरभेदी, बायकोचं म्हणणं नाही. जी हरेल तिनं वर्ग घ्यायचा.

"अगं, पण ते आपले आठ दिवस," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

तेच आठ दिवस आम्ही तिच्या थोरल्या बहिणीकडे जाणार होतो. सहा वर्षांनी दोघी बहिणी भेटणार होत्या. ताईचं घर नदीकाठी, आणि ताईनं तिथल्या अंथरुणांच्या चादरीसुद्धा नव्या आणून ठेवल्या होत्या. माझा रजेचा अर्ज साहेबांनी तीनदा परत पाठवून चौथ्यांदा मंजूर केला होता.

"हरण्याचा प्रश्नच नाही," बायको म्हणाली. "बाई आज दुपारपासून मागेच लागल्या होत्या. मी नाही म्हणत होते. पण तुम्ही सहा आठवडे त्याच्या विरुद्ध होतात. तुम्हालासुद्धा पटलं म्हटल्यावर माझी खात्रीच झाली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मी काय म्हणतो, पैज मागे घे. मला पुन्हा त्याचा संशय येतोय."

"एका रात्रीत? कशावरून?"

"कप," मी म्हणालो. दुसरं काही सुचेना.

"कप?"

"दुसऱ्यांचे कप धुतो तो."

बायकोनं हातातलं काम थांबवलं. "म्हणजे जो धुतो तो लबाड, आणि जो धुवत नाही तो सरळ, असं का?"

मी त्यानंतर घरातले सगळे कप धुतले. त्यात एकाचा कान तुटला. तो मी खिशात घालून कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून आलो. एका लपवाछपवीबरोबर दुसरी सहज निघून जाते, हे तेव्हा लक्षात आलं.

संध्याकाळी सात वाजले. बायकोला खरं सांगावं तर तिला दुहेरी लागणार : मी नियम मोडला हे एक, आणि माझ्या बोलण्यावर विसंबून तिनं ताईकडचे आठ दिवस पणाला लावले हे दुसरं. मी चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"दूध आणतो."

"दोन पिशव्या आहेत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

"तिसरी आणतो."

मोठ्या बाई दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिन्यात मी वाक्यं घोकली. दार त्यांनीच उघडलं. चष्मा कपाळावर चढवलेला, हातात लाल पेन. मला विद्यार्थ्यासारखंच वाटायला लागलं.

"बाई, ती पैज रद्द करा," मी उंबऱ्याबाहेरूनच सुरुवात केली. "आमच्या मंडळींनी ती माझ्या सांगण्यावरून लावली. आणि मला उत्तर आधीच माहीत होतं."

"म्हणजे तुम्ही भाग काल पाहिलात?"

"हो."

"बायकोला न सांगता?"

"हो."

"हे योग्य नाही," बाई म्हणाल्या. मी मान खाली घातली. "घरात काही शिस्त असते. एकत्र पाहायचं ठरलं की एकत्र पाहायचं. आणि तो कप पालथा घालून डोळा मारतो, ते एकट्यानं पाहून तुम्हाला काय..."

बाई थांबल्या. मी मान वर केली.

"मी डोळ्याचं काही बोललो नव्हतो," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा कपाळावरून काढला, पदरानं पुसला, डोळ्यांवर लावला आणि जिन्याकडे एक नजर टाकली. "आत या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दार लावून घ्या."

बाईंनी तो भाग शुक्रवारी प्रश्नपत्रिकांच्या खोलीत पाहिला होता. चुकून, असं त्यांचं म्हणणं. किती वेळ चुकून, असं मी विचारलं. "अठ्ठेचाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. त्यांनाही त्या आठ दिवसांत नातवाला भेटायला जायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन घरभेद्यांची बैठक टीव्हीवर मी सहा वेळा पाहिली होती. प्रत्यक्षात ती फारच लाजिरवाणी असते.

ठरलं ते असं : भाग संपला की बाई फोन करून म्हणणार, "पैज ही गंमत होती, वर्ग मीच घेते, तू खुशाल जा." आपण दोघांनीही पाहिल्याचं कुणी कुणाला सांगायचं नाही. मी दूध आणायला म्हणून निघालोय, हेही मी त्यांना सांगून ठेवलं.

मी आठला दोन मिनिटं असताना घरी पोचलो.

"दूध?" बायकोनं विचारलं.

"संपलं होतं."

"पाऊण तास संपत होतं?"

"बाबा, बसा ना," लेक म्हणाली. "सुरू झालं."

मी तो अख्खा तास पडद्याकडे न बघता बायकोकडे बघत होतो. ड्रायव्हरनं कप पालथा घातला. डोळा मारला.

"त्याला कुणीतरी भरीला घातलं असणार," सासूबाई म्हणाल्या.

बायकोनं टीव्ही बंद केला. चष्मा काढून हातात धरला आणि एवढंच म्हणाली, "ताईला कळवायला हवं."

तेवढ्यात फोन वाजला. हात ओले होते म्हणून बायकोनं तो स्पीकरवर टाकला. (डोळे पुसल्यामुळे ओले होते, हे माझ्या लक्षात आलं.)

"अगं, पैजेचं मनावर घेऊ नकोस," मोठ्या बाई ठरल्याप्रमाणे म्हणाल्या. "गंमत होती. वर्ग मी घेते."

"नाही बाई," बायको म्हणाली. "हरले ते हरले. शब्द दिलाय."

"मी सांगते ना, तू जा."

"तुम्ही एवढा मोठेपणा दाखवताय, मग तर मला जाववणारच नाही. वर्ग मीच घेणार."

हे आमच्या योजनेत नव्हतं. बाईंनी दोनदा समजावलं. बायकोनं दोनदा त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. प्रत्येक कौतुकाबरोबर बाईंचा आवाज बारीक होत गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "जरा मिस्टरांना दे बघू. ते समजावतील."

"यांना?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुमचं यांच्याशी कधी बोलणं झालंय, बाई?"

"आत्ताच तर दूध..." बाई बोलून गेल्या.

मी उठून उभा राहिलो. का, ते माहीत नाही. शाळेत खरं बोलताना उभं राहायची सवय असावी. "मी काल दुपारी भाग पाहिला," मी म्हणालो. "फायलींच्या खोलीत. तोंडावर दिसू नये म्हणून त्याला सज्जन म्हटलं. तू पैज लावशील असं वाटलं नव्हतं. आत्ता बाईंकडे गेलो होतो, पैज मोडायला. आणि बाईंनीही पाहिला होता."

"चुकून," फोन म्हणाला.

मग जो वाद झाला तसा सहा आठवड्यांत झाला नव्हता. बाईंचं म्हणणं, त्यांनी फक्त मत मांडलं होतं, हो म्हणणारी बायको होती. लेकीचं म्हणणं, दोघांनीही नियम मोडले, पण बाबांची स्ट्रॅटेजी जास्त वाईट होती. मी म्हणालो, माझा हेतू वाईट नव्हता.

"ड्रायव्हर निदान खेळात तरी होता," सासूबाई म्हणाल्या.

बायको माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी सहा वर्षांनी ताईला भेटणार होते," ती म्हणाली. "तुमच्या एका वाक्यावर मी ते लावलं. खेळाबिळाचं मला काही सांगू नका."

"चुकलं," मी म्हणालो. फोनमधूनही "चुकलं" असं ऐकू आलं.

तिनं निकाल दिला. ताईकडे ती, सासूबाई आणि लेक जाणार. वर्ग मोठ्या बाई घेणार. आणि माझी रजा मंजूर झालेलीच होती, तेव्हा बाईंच्या हाताखाली मी राहणार.

आठ दिवस मी रोज सकाळी शाळेत गेलो. चौदा मुलं, एक फळा आणि मोठ्या बाई. मी हजेरी घेतली, फळा पुसला, कागद वाटले. बाई माझ्याशी कामापुरतंच बोलत. संध्याकाळी बायकोचा फोन यायचा. पहिले दोन दिवस ती फक्त गॅस बंद केला का ते विचारायची. तिसऱ्या दिवशी तिनं नदीचा फोटो पाठवला. पाचव्या दिवशीच्या फोटोत दोन्ही बहिणी होत्या, आणि त्यात बायको अशी हसत होती की मी तो मधल्या सुट्टीत चार वेळा उघडला.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती, पंचवीस गुणांची. एक प्रश्नपत्रिका उरली. "नुसते बसलाय, तर सोडवा," बाई म्हणाल्या. मी मागच्या बाकावर बसून सोडवली.

बायको परत आल्यावर तिनं माझी उत्तरपत्रिका मागून घेतली. बाईंनी पंचवीसपैकी सहा गुण दिले होते. तिनं ती पहिल्या गणितापासून शेवटच्यापर्यंत नीट वाचली, लाल पेन काढून आणखी एक गुण कापला, आणि त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच माझ्याशी मऊ आवाजात बोलली.

"नाही," ती म्हणाली, "यावेळी तुम्ही कुणाचं काही पाहिलेलं नाही, हे पटलं मला."