साइटच्या गल्ल्यावर भावेशभाई

"साइट विकायची म्हणजे? त्या माणसाच्या हातात द्यायचं काय?" वरणाची वाटी भातावर पालथी करता करता रमाकांत थांबले.

"पासवर्ड," मालती म्हणाली.

"म्हणजे शब्द?"

"हो. एकच."

रमाकांतनी कपाळाला हात लावला. माणूस प्रशासनाच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक. ज्या वस्तूची कुठल्या रजिस्टरात नोंद नाही, ती वस्तू त्यांच्या लेखी नाहीच. आणि त्यांची बायको एक शब्द विकून चांगले पस्तीस हजार घेणार म्हणत होती!

पण बाई होती मोठी खमकी. एकोणीसशे नव्व्याण्णव साली सिल्वासात तीन कम्प्युटरचा सायबर कॅफे निघाला, तेव्हा लोक तिथे गप्पा मारायला नाहीतर पोराचा निकाल बघायला जायचे. मालती वही घेऊन गेली. तासाचे पैसे भरायचे म्हणून सगळं घरी कागदावर लिहून न्यायची आणि तिथे नुसतं टाइप करायची. पहिली साइट रांगोळ्यांची केली, सहा महिने वाढवली आणि पुण्याच्या एकाला विकून टाकली. दुसरी बाळाच्या नावांची. परदेशात गेलेल्या मराठी माणसांना बारसं जवळ आलं की नाव सुचत नाही आणि आत्याला फोन करावा तर मिनिटाला केवढे पैसे! मालतीने अठराशे नावं अर्थासकट मांडली. लोक कुठलं अक्षर जास्त शोधतात ते बघून ती नावं वर घेतली. पानाच्या डोक्यावर एका अमेरिकन कंपनीमार्फत जाहिराती लावल्या. जाहिरात कुणी दाबली की कंपनी डॉलर द्यायची. पहिला चेक आला तेव्हा तो बघायला बँकेचे मॅनेजर स्वतः केबिनमधून बाहेर आले होते. खरं सांगायचं तर त्या काळात हे डोकं मुंबईतही फार जणांना नव्हतं.

आता ही साइट विकून तिला घरात स्वतःचा कम्प्युटर घ्यायचा होता. बस्स, एवढंच. डोकमर्डीच्या दोन खोल्यांत जागाही ठरली होती, गोदरेजच्या कपाटाशेजारी. पस्तीस हजारांत मशीनही बसत होतं आणि फोनची लाइनही.

गिऱ्हाईक मिळालं वापीचं. भावेशभाईंचा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, शिवाय चालती दुकानं विकत घ्यायची हौस. किराणा, बूट, स्टेशनरी, काहीही.

"बेन, मला ते कम्प्युटरमधला काय समजत नाय," ते फोनवर म्हणाले. "माल रनिंग आहे ना? मग मी एक दिवस गल्ल्यावर बसणार. गिऱ्हाईक किती येते ते माझ्या डोळ्यानी बघणार. मग सौदा."

"रात्री नऊनंतर या. आपली रात्र तेव्हा तिकडे सकाळ असते, लोक तेव्हाच येतात."

"रात्री कोण दुकान बघते? मी रविवारी सकाळी नऊला येते!"

आणि आले की! बरोबर नऊला, कॅफेत, थर्मास आणि खाकऱ्याचा डबा घेऊन. कम्प्युटरसमोर खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पानाच्या तळाशी असलेल्या आकड्यावर नजर लावली. तो आकडा म्हणजे आलेल्या माणसांची संख्या. नऊ वाजता तो होता चौदा हजार दोनशे सहा. दहा वाजता होता चौदा हजार दोनशे सात. तो एकही रमाकांतनी शेजारच्या मशीनवर चुकून वाढवलेला.

"बेन, आज काय बाजार बंद आहे?" भावेशभाईंनी विचारलं.

मालतीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अमेरिका गाढ झोपली होती. तिला उठवणार कोण?

नेमका तेव्हा वाल्मिक कॅफेत डोकावला. वाल्मिक मूळचा धुळ्याकडचा, मसाटच्या कारखान्यात सुपरवायझर, मालतीच्या शेजारच्या खोलीत राहायचा. मालतीचा चेहरा बघून त्याने तिला दाराशी बोलावलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच ना ताई? तुम्ही बिलकुल टेन्शन नका घेऊ. आपले पोरं कशाला आहेत?"

"अहो वाल्मिकभाऊ, तसं नको. ते खोटं..."

पण वाल्मिक सायकलवर बसलाही होता. लग्नात पाट मांडायला आणि कुणाचं सामान हलवायला जो माणूस वीस जण उभे करतो, तो इथे मागे राहील होय? अर्ध्या तासात रात्रपाळी करून आलेली पोरं रांगेने उरलेल्या दोन मशीनवर बसू लागली. मध्ये प्लायवूडचा आडोसा होता, भावेशभाईंना कोणी दिसत नव्हतं. एकाने साइट उघडायची, उठायचं, दुसऱ्याने बसायचं. आकडा पळायला लागला.

"वाह! चालू झाला!" भावेशभाईंनी खाकरा मोडला.

मालती आडोशामागे गेली आणि कुजबुजली, "वाल्मिकभाऊ, बास करा! हात जोडते."

"अहो ताई, कामगार मानूस आहे, दिलदार आहे. आनी नुसतं डोकावून नाही जात हो कोनी. दुसऱ्याच्या दुकानात गेलं तर रिकाम्या हातानं येऊ नाही म्हने. वरती तो चौकोन आहे ना, लुकलुकता, तो पन दाबतो आहे परत्येक जन. दोन-दोन डाव."

मालतीने विचारलं, "जाहिरात दाबली? सगळ्यांनी?"

"एकजात सगळ्यांनी!" वाल्मिक अभिमानाने म्हणाला.

संध्याकाळी पाचला मेल आलाच. एकाच फोनलाइनवरून एवढ्या वेळा जाहिरात दाबली गेली, ही लबाडी आहे, तुमचं खातं बंद करत आहोत. जिच्यातून पैसा यायचा ती नळीच तुटली. मालतीने मेल दोनदा वाचला. डोळे भरून आले, पण तिने पदराने पुसले आणि ती सरळ भावेशभाईंसमोर जाऊन उभी राहिली. रमाकांत मागून खुणा करत होते, आधी सौदा होऊ दे, मग सांग. तिने तिकडे बघितलंही नाही.

"भावेशभाई, सकाळपासून आलेली माणसं आमच्या शेजाऱ्याची आहेत. खरी गिऱ्हाइकं रात्री येतात, रोजची साठ-सत्तर. आणि आत्ताच जाहिरातवाल्यांनी खातं बंद केलं. तुम्हाला नको असेल तर मी समजू शकते."

भावेशभाईंनी चष्मा काढला. "बेन, मी पाणी प्यायला बाहेर गेलो तेव्हा दाराशी तेवीस जोड चपला होत्या. आत मशीन तीन. मी काय येडा आहे?"

"मग बोलला नाहीत?"

"मी बघत होतो, तुम्ही कधी बोलते. बारा दुकानं घेतली मी. गल्ल्यावर भाडोत्री गिऱ्हाईक सगळेच उभा करते. सांगितला कोणीच नाय, तुम्ही पहिल्या." मग खिशातून एक चिठ्ठी काढली. "आणि दिवसभर काय करणार? नावं वाचली. माझ्या पोराला गेल्या आठवड्यात पोरगी झाली. हे 'ईहा' नक्की केला. जाहिरातवाला दुसरा शोधू. पण खातं बंद, म्हणजे पस्तीस नाय. बावीस."

बावीस! फोनची लाइन आली असती, मशीन नाही. पण मालात खोट होती ती होतीच, आणि मालतीने होकाराची मान हलवली. वाल्मिकचं तोंड तर एवढंसं झालं.

भावेशभाईंनी पिशवीतून छापील करारनामा काढला. प्रत्येक दुकानाला वापरायचा तोच. मालती सही करणार, एवढ्यात रमाकांतनी कागद ओढून घेतला.

"थांब. वाचल्याशिवाय मी साधी रजेची चिठ्ठीसुद्धा पुढे पाठवत नाही."

वीस मिनिटं वाचत होते! शटर, वजनकाटा, पंखा यांच्यापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात 'लागू नाही' लिहिलं. आणि मग घसा साफ केला.

"कलम सात. गिऱ्हाईक नव्या मालकाला सरावेपर्यंत विकणाऱ्याने सहा महिने दुकान चालवून द्यावे. त्या मुदतीत दुकान चालवण्यास लागणारे सर्व साधन घेणाऱ्याने स्वखर्चाने पुरवावे. बरोबर?"

"बरोबर. म्हणजे तराजू, टेबल, असा..."

"हे दुकान कशावर चालतं, भावेशभाई?"

भावेशभाईंनी समोरच्या कम्प्युटरकडे बघितलं. मग कागदाकडे. मग पुन्हा कम्प्युटरकडे.

"अरे मारा बाप रे!" ते म्हणाले आणि खो खो हसत सुटले. "बारा दुकानं घेतली या कागदावर! सातवा कलम वाचणारा माणूस आज भेटला!"

"आणि सहा महिन्यांनी मशीन परत न्यायचं का?" मालतीने विचारलं.

"सहा महिन्यात तुम्ही तिसरी साइट उभी करणार नाय? ती पण मलाच विका. मशीन राहू दे तिकडेच."

"विकेन," मालती म्हणाली. "पण तिचा भाव पस्तीसच्या खाली येणार नाही, आत्ताच सांगते."

मंगळवारी वापीहून टेम्पो डोकमर्डीत आला. कम्प्युटर भावेशभाईंच्याच खोक्यात होता. वाल्मिकने तो एकट्याने वर चढवला, कुणालाही हात लावू दिला नाही. रमाकांतनी कपाट स्वतः बाजूला सरकवलं आणि मालतीसाठी खुर्ची पुसली.