हॉलमधले रेगे

पुनर्विकासाच्या मोजणीत मधुसूदन रेगे हॉलमधला कॉलम निघाले. लेझरचा लाल ठिपका त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर येऊन थांबला, पुढे जाईचना. मोजणीवाल्या कुडतरकरांना याचं काही नवल वाटलं नाही. मागच्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीत एक आजोबा बीम निघाले होते. बायको गेल्यापासून रेगे बाल्कनीच्या दाराशी एकाच जागी बसत. माणूस इतकी वर्षं हललाच नाही, तर दुसरं काय होणार?

"कॉलम कार्पेट एरियात धरत नाहीत," कुडतरकर म्हणाले. "चार चौरस फूट वजा."

रेग्यांच्या मुलाचं, निरंजनचं, तोंड उतरलं. आतली जागा जेवढी भरेल त्याच्या दीडपट नवा फ्लॅट मिळणार होता.

"आतली भिंत म्हणून लावा ना," तो म्हणाला. "ती धरतात की."

"धरतात. पण तिच्यावर भार नसावा लागतो. बाबांवर आहे काही?"

"छे हो. त्यांच्यावर कसला भार?"

रेग्यांना ते झोंबलं. हे घर उभं करताना त्यांनी दिवसा कचेरी आणि संध्याकाळी शिकवण्या केल्या होत्या. पण मोजणी चालू असताना कॉलमने मध्ये बोलायची पद्धत नाही.

"हलवून बघू," कुडतरकर म्हणाले. "स्लॅब तडकला तर कॉलम."

दोघांनी दंडाला धरून रेग्यांना बाजूला केलं आणि वर पाहिलं. रेग्यांनी जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. आता मात्र स्लॅब तडकावा असं त्यांना मनापासून वाटलं.

आणि तो तडकला. पंख्यापासून दारापर्यंत चीर गेली, थोडं प्लास्टर निरंजनच्या डोक्यावर पडलं.

"जुनीच आहे ती चीर," निरंजन म्हणाला.

"काय हो बाबा?" कुडतरकरांनी विचारलं.

रेग्यांनी मुलाच्या केसांतला चुरा पाहिला. तो शाळेत जाताना याच डोक्यावर ते तेल थापत असत.

"जुनीच आहे," ते म्हणाले.

कुडतरकरांनी कागदावर रेग्यांना आतली भिंत लावलं. वजा केलेले चार फूट परत आले.

नव्या फ्लॅटचा नकाशा आला तेव्हा निरंजनने तो हौसेने त्यांच्यापुढे धरला. "बघा बाबा, हॉल कसा ऐसपैस झालाय. ती आतली भिंत नाहीच ठेवली त्यांनी."

रेग्यांनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला. हॉल खरंच ऐसपैस होता.

"छान आहे," ते म्हणाले. "पाडायला सकाळीच येणार असतील तर तसं सांग. आंघोळ उरकून बसतो."