बिनबटणाची तडिता

"खिसे!" मास्तरांनी नवा अंक शिलाई मशीनवर आपटला. "अगं, तडितेला खिसे लावलेत यांनी! मुठीत वीज धरणारी बाई ती. खिशात काय ठेवणार, रुमाल?"

"ठेवू दे की," काज करता करता बायको म्हणाली. "सर्दी काय माणूस बघून होते?"

मास्तर बायकांचे कपडे शिवत आणि तडितेच्या चित्रकथा मिसरूड फुटायच्या आधीपासून वाचत. त्यांची तडिता निळ्याभोर, अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखात उडायची. कमरेला सोनेरी पट्टा, मागे घोट्यापर्यंत केप. आता कुणी नवा चित्रकार आला होता. त्याने केस कापले, केप काढून टाकली आणि तिला सैल विजार चढवली. मास्तरांच्या मते ही तडिता जग वाचवायला नव्हे, नळ दुरुस्त करायला आल्यासारखी दिसत होती.

मास्तरांनी तक्रारीचं पत्र धाडलं. तशी पत्रं बरीच गेली असावीत, कारण प्रकाशकांनी जाहीर केलं की पुस्तक-प्रदर्शनात जुन्या आणि नव्या वेशातल्या दोन तडिता मंचावर येतील. वाचक जिला कौल देतील, तीच यापुढे मुखपृष्ठावर राहील. जुना पोशाख शिवायची जबाबदारी मास्तरांनी फोन करून स्वतःच ओढवून घेतली. घालायला बायको होतीच. तिचं माप तोंडपाठ होतं आणि तिला विचारायची मास्तरांना सवय नव्हती.

जुनं मुखपृष्ठ भिंतीला टाचून मास्तर बसले. चित्रात आहे ते आणि तेवढंच, असा त्यांचा बाणा.

"चेन कुठंय?" बायकोने पोशाख उलटसुलट करून पाहिला.

"चित्रात चेन नाही."

"मग बटणं? हुक?"

"दिसतंय का चित्रात एक तरी?"

"मग ती बया आत शिरायची कुठून?"

मास्तरांचा पाय मशीनवर थबकला. एक काज तिरकं गेलं तर कारागिराचा उद्धार करणाऱ्या या माणसाला इतक्या वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. पण आता मान्य करणं म्हणजे नव्या चित्रकारापुढे मान तुकवणं.

"तू आधी घाल," ते म्हणाले. "पाठ मी अंगावरच शिवतो. टाका दिसणार नाही."

प्रदर्शनाच्या दिवशी पडद्यामागे त्यांनी दुहेरी दोऱ्याने बायकोला त्या पोशाखात शिवून टाकलं. "आता श्वास बेताने घे," असं बजावून कात्री कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. प्रमुख पाहुणे वाटेत अडकले होते, म्हणून आयोजकांनी सगळ्यांना चहा दिला. मग आणखी एकदा दिला.

"अहो."

"काय?"

"मला जायचंय."

"कुठं?"

बायकोने करंगळी वर केली.

"आत्ता?" मास्तर हादरले. "तडिता कधी गेलीय का? एका तरी अंकात?"

"उसवा आधी."

"उसवलं तर पुन्हा शिवणार कधी? कोणत्याही क्षणी नाव पुकारतील. आज हरलो तर ती जन्मभर विजारीत राहील!"

"आणि मी जन्मभर यात राहू? कात्री द्या."

मास्तरांनी कोटाची बटणं लावली. बायकोने मग त्यांचा नाद सोडला आणि केप काखोटीला मारून बोळातून पळत सुटली. समोरून नवी तडिता येत होती. ही मुलगी पेशाने नर्स. तिने बाईंची अवस्था एका नजरेत ओळखली आणि विजारीच्या खिशातून बँडेज कापायची कात्री काढली.

"काकू, भिंतीकडे तोंड करा. हलू नका."

चर्र आवाज झाला. पडद्यामागे मास्तरांनी डोळे मिटून घेतले. कापड आडवंतिडवं कापलं जात होतं, हे त्यांना नुसतं ऐकून कळलं.

नाव पुकारलं तेव्हा बायको मंचावर हजर होती, अगदी प्रसन्न चेहऱ्याने. निवेदकाने विचारलं, "ताई, या देखण्या पोशाखाचं रहस्य काय?"

तिने केप बाजूला केली आणि लोकांकडे पाठ फिरवली. मानेपासून कमरेपर्यंत पांढऱ्या चिकटपट्ट्या होत्या.

"यात शिरायला वाट नाही आणि निघायलाही नाही, हेच रहस्य. आमच्या ह्यांनी मला आत शिवलं आणि कात्री खिशात घालून बसले. तिकडे, पडद्यामागे."

सभागृहात हशा फुटला. कौल विजारीला मिळाला. "अडाणी वाचक," मास्तर म्हणाले. सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या पहिल्या रांगेत बसलेल्या, तडितेच्या अंकाच्या संपादकबाई.

पुढच्या अंकात तडितेला नवा शत्रू मिळाला, टाकासुर. हा माणसांना त्यांच्याच कपड्यांत शिवून टाकायचा. मिशा हुबेहूब मास्तरांच्या. मास्तरांनी अंक फेकून दिला. संध्याकाळी उचलून आणला. गिऱ्हाइकं "टाकासुर आहेत का दुकानात?" विचारू लागली तशी मिशांना पीळ पडू लागला, आणि एके दिवशी टाकासुराचं पान चौकटीत बसून भिंतीवर आलं.

मग संपादकबाईंचा फोन आला. टाकासुर वाचकांना फार आवडला होता. आता त्याचं हृदयपरिवर्तन दाखवावं, असा त्यांचा विचार होता.

"बदलणार?" मास्तर कडाडले. "कुणाला विचारून? उद्या त्यालाही विजार घालाल! चांगलं चाललेलं बघवत नाही का तुम्हाला? त्याच्या मिशीचा एक केस हलता कामा नये!"

बायकोने हात पुढे करून फोन काढून घेतला.

"बाई, तुम्ही यांचं ऐकू नका," ती म्हणाली. "निदान कागदावर तरी सुधारू द्या त्याला."