याकोबबाबांची झाडं

याकोबबाबांनी एकदा शहाद्याच्या स्टँडवर सुटलेली एस.टी. अडवली होती. चढायला नव्हे, कंडक्टरची माफी मागायला.

"काल तू माले झाड दिखना रे भो," खिडकीत तोंड घालून ते म्हणाले. "आज माणूस दिखी ऱ्हायना. माफ कर."

आदल्या दिवशी धक्काबुक्कीवरून त्यांनी त्याला चार शब्द सुनावले होते. कंडक्टरला त्यातलं काही आठवतही नव्हतं. "केली, केली!" म्हणत त्याने घंटी ओढली. बाबा मात्र पहिला नंबर आल्यासारखे घरी आले.

मी तेव्हा हायस्कुलात नवा मास्तर. तापीकाठच्या आमच्या शेतकरी घराण्यातला पहिला बी.ए., आणि ते कोणी विचारायच्या आत सांगणारा. बाबांची खोली माझ्या खोलीला लागून. ते मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, पण खरं काम एकच, डोळ्यांत औषध घालणं. त्यांच्या हातून एक थेंब कधी गालावर गेला नाही, असं लोक सांगत.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला विचारलं, "काय मास्तर, झाडं दिखी ऱ्हायनात का माणसं?"

"चष्मा नवा आहे माझा," मी तोऱ्यात म्हणालो.

मग त्यांनी मला ओट्यावर बसवून बायबलातली गोष्ट सांगितली. येशूने एका आंधळ्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि काय दिसतं ते विचारलं. तो म्हणाला, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. तेव्हा येशूने पुन्हा हात ठेवला, मग त्याला नीट दिसू लागलं.

"त्याले कळनं तरी, की अजून बरोबर दिखत नही," बाबा म्हणाले. "आपले तेबी कळत नही. समोरचं माणूस झाड दिखनं, तेच पाप. आपला सगळासना दुसरा हात बाकी शे, मास्तर."

मी तर्कशास्त्र शिकलेला माणूस. खोडून काढायला काही सापडेना, म्हणून अंघोळीला गेलो.

या एका गोष्टीवर बाबा वर्षानुवर्षं चालत होते. कल्हईवाले रहीमचाचा लाल डोळे घेऊन दवाखान्यात आले, तेव्हा बाबांना आठवलं की मागच्या खेपेला आपण यांच्यावर खेकसलो होतो. बाटली हातात तशीच धरून ते माफी मागू लागले. चाचा डोळे ताणून ओरडले, "अरे बाबा, पहले दवा डालो! माफी बाद में!"

रविवारी चर्चमध्ये तर गंमतच. वेदीपाशी अर्पण नेताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं शास्त्रात आहे. बाकीचे ते नुसतं ऐकत. बाबा ऐन प्रार्थनेत उठत, अंडी नाहीतर वांगी मेजावर ठेवत आणि चपला हातात घेऊन बाहेर पडत. पाळकसाहेब डोळे मिटूनच म्हणत, "याकोब, दार हळू लाव."

एका संध्याकाळी म्हसावदचा, बाबांच्या मूळ गावचा, एक शेतकरी बाबांकडे आला. "तुन्हा दादाना डोयामा मोतीबिंदू शे," तो म्हणाला. "दवाखानामा चाल म्हटं, त येत नही."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मी खोदून विचारलं तेव्हा बोलले. नवा नवा बाप्तिस्मा घेतला होता. जगात एकट्या आपल्यालाच दिसतं असं वाटायचं. आईच्या दहाव्याला साऱ्या भाऊबंदांसमोर ते थोरल्या भावाला म्हणाले होते, तू आंधळा आहेस, आंधळाच मरशील. त्यानंतर वीस वर्षं दोघे बोलले नव्हते.

मला गोल गोल बोलता येत नाही. मी म्हणालो, "कंडक्टरची माफी मागता, आणि सख्ख्या भावाची नाही?"

"कंडक्टर पुढला स्टॉपवर भुली जास, मास्तर."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण होता. बाबांनी मलाही नेलं. कोणी ज्वारी आणली होती, कोणी केळीचा घड. बाबांच्या खांद्यावर डांगर, म्हणजे चांगला दहा शेरांचा लाल भोपळा. मेजापाशी ते थांबले. खूप वेळ थांबले. मागची रांग चुळबुळू लागली. मग डांगर ठेवून ते सरळ माझ्याकडे आले.

"मास्तर, चाल मन्हासंगे."

पाळकसाहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदाच डोळे उघडले.

म्हसावदच्या गाडीत बाबा सारी वाट पुटपुटत माफी पाठ करत होते. दादा घरापुढे खाटेवर बसलेले. बाबा जाऊन समोर उभे राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले.

"कोन शे रे?" दादा डोळे बारीक करून म्हणाले. "बोलत का नही? झाड उभं शे अस वाटस."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसले. "हां दादा, झाडच शे. हात लाय."

दादांचा हात बाबांच्या कपाळावरून, गालावरून फिरला आणि कानामागच्या खुणेपाशी थांबला. लहानपणी दादांच्याच हातची विटी लागली होती तिथे.

"बुधा?"

याकोब होण्याआधीचं हे त्यांचं नाव मी प्रथमच ऐकलं.

"आंधया मी व्हतू, दादा," बाबा म्हणाले. "माफ कर."

दादांनी हात काढला नाही. "वीस वरीस लागनात तुले इतलं दिखाले?" ते म्हणाले आणि घरात वळून ओरडले, "चहा ठेवा! बुधा उना!"

दुसऱ्या दिवशी दादा शहाद्याच्या दवाखान्यात होते. ऑपरेशनआधी काही दिवस थेंब घालायचे होते. शाळेत जाता जाता मी डोकावलो. बाबांनी बाटली उचलली. पहिला थेंब गालावर गेला, दुसरा मिशीत.

"बुधा," दादा म्हणाले, "मन्हा डोया वर शे."