बाबूला लोळवण्याचा नवस

"औंदा बाबूक लोळवलंय नाय, तर गुणाजी म्हणान हाक मारा नको."

हे वाक्य गुणाजी तांडेल वर्षभर रोज एकदा तरी बोलत असे. सकाळी होडी पाण्यात ढकलताना बोले, दुपारी जाळं सांधताना बोले आणि संध्याकाळी चहाच्या दुकानात तर हमखास बोले. ऐकणारा नवखा असला तर सविस्तर, जुना असला तर थोडक्यात. बंदरवाडीतल्या कुत्र्यांनासुद्धा ते पाठ झालं असावं.

आता हे लोळवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बंदरवाडी मासे मारणाऱ्यांची, सडेवाडी माडाबागायतीवाल्यांची. दोन्हींचा ग्रामदेव एकच, रवळनाथ. त्याच्या जत्रेच्या दुपारी देवळासमोरच्या वाळूत या दोन वाड्यांचा हुतूतूचा सामना व्हायचा. सामना म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. एका वर्षी बंदरवाडीच्या एकानं सडेवाडीच्या एकाचा कान चावला. पुढच्या वर्षी सडेवाडीनं चावणाऱ्याला शोधून काढून त्याचं धोतर फेडलं आणि माडाला बांधलं. त्याच्या पुढच्या वर्षी बंदरवाडीनं त्या धोतराचा सूड घेताना देवळाचा ढोल फोडला. देश स्वतंत्र झाला, कणकवलीहून सर्व्हिस मोटार यायला लागली, गावात रॉकेलचे नवे दिवे आले, पण या सामन्याची रीत काही बदलली नाही. कोणत्या वर्षी कोण जिंकलं असं विचाराल, तर दोन्ही वाड्यांत एकाला सांगता येणार नाही. कोणी कोणाला कुठं हाणलं, ते मात्र पोराटोरांना तोंडपाठ!

गेल्या वर्षी पाळी गुणाजीची होती. तो दम धरून सडेवाडीच्या अंगणात शिरला आणि तिथल्या बाबूनं त्याचा घोटा धरला. बाबू स्वतःच्या बागेतले माड स्वतः चढायचा. त्याच्या पकडीतून नारळ सुटत नसे, तिथं गुणाजी काय सुटणार? बाबूनं त्याला पालथा पाडला आणि तोंडावर फरफटत पार देवळाच्या पायरीपर्यंत नेला. मग नेहमीची मारामारी झाली, पण तिच्यात गुणाजीला भाग घेता आला नाही. तो वाळू थुंकत होता. वाळू थुंकता थुंकताच त्यानं देवाकडे तोंड करून नवस केला.

"बाबूक असोच लोळवल्याशिवाय माशाक तोंड लावचंय नाय."

बाबू हसून म्हणाला, "आठ दिसांनी बांगड्याच्या वासान येतलो ठिकाणार."

सगळा गाव हसला. मासे न खाणारा तांडेल कोणी पाहिलाय? पण गुणाजीची जातच 'पडलो तरी नाक वर' अशी. आठ दिवस गेले, आठ महिने गेले, गुणाजीनं माशाला हात लावला तो फक्त जाळ्यातून काढताना. भरल्या होडीनं सुरमई आणायची, आणि घरी कुळथाची पिठी ओरपायची. त्याची म्हातारी आई, यमुनाबाई, समोरच बसून निवांत काटे काढत असायची. ते पाहवेना, म्हणून गुणाजी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला. बायको विमला वाढायची आणि त्याच्या पाठीमागे आपलं ताट घेऊन बसायची.

याचा एक भलताच परिणाम झाला. तांडेल असून मासे सोडले, म्हणजे याच्या अंगात काहीतरी दैवी आलं असणार, अशी आवई उठली. वालावलची एक बाई नारळ घेऊन आली, गुणाजीच्या पायावर डोकं ठेवलं आणि मुलगा कधी होईल म्हणून विचारू लागली. गुणाजी म्हणाला, "आधी सामनो होवंदे, मगे सांगतंय."

जत्रा जवळ आली तसा त्यानं बेत पक्का केला. बाबू पहिल्यांदा चढाईला आला की सातही गड्यांनी झडप घालायची, पाय धरायचे, आणि गुणाजीनं स्वतःच्या हातानं त्याला लोळवायचा. सर्व्हिस मोटारीचे कंडक्टर भिकाजी पंच होते. ते दोन्ही वाड्यांचे नव्हते आणि त्यांची स्वतःची शिट्टी होती, एवढ्यावर त्यांची नेमणूक झाली होती. त्यांच्याकडेही सुके बांगडे पोचवून झाले. आता राहिला देव. नवस देवाशी होता, तेव्हा बेत देवाच्या कानावर घालायला हवा. म्हणून गुणाजी नारळ घेऊन दाजींकडे गेला. गावाचं गाऱ्हाणं घालण्याचा मान दाजींचा. देवाशी बोलणं त्यांनी करायचं, बाकीच्यांनी फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

गुणाजीनं सगळं कुजबुजत सांगितलं आणि म्हणाला, "दाजीनू, देवाक जरा हळूच सांगा."

"देवाक सांगूचा म्हणजे सगळा सांगूचा," दाजी म्हणाले. "अर्धवट गाऱ्हाणा देव ऐकणा नाय."

गुणाजी निर्धास्त मनानं घरी आला.

जत्रेच्या दुपारी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. विजयदुर्गापासून माणसं आली होती. एवढी माणसं हुतूतू बघायला आली, असं कोणी समजू नये. दोन्ही संघ मांड्या थोपटत समोरासमोर उभे राहिले. दाजींनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, तुझ्या पायाकडे आज दोनय वाडयेची लेकरां जमली हत, तेंका सांबाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

इथपर्यंत दर वर्षीचंच होतं. मग दाजींनी डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"ह्या गुणाजीन वरीसभर माशाक तोंड लावूक नाय. कुळीथ खाऊन तेची हाडां वर इली. आवस बांगडे खाता आणि ह्यो भिंतीकडे बगान जेवता. तां तुया बगतंसच रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"म्हणान तेणां ठरवल्यान हा, बाबू पयलो इलो काय सात जणांनी झडप घालूची. हरिश्चंद्रान डावो पाय धरूचो, बाळान उजवो. बाबूच्या डोळ्यात रेव गेली, तर ती वाऱ्यान गेली असा म्हणूचा. ह्या कामात तेंका यश दी रे म्हाराजा."

गुणाजीच्या पायाखालची वाळू सरकली. पण सवय ती सवय. "व्हय म्हाराजा!" असं सातांच्या तोंडून निघालंच. समोरच्या सातांच्याही निघालं. बाबूचा आवाज तर सगळ्यांत मोठा होता.

"आणि पंचांक सुके बांगडे पोचले हत, तेवा तेंची नजर जरा दर्याकडे ऱ्हवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हा..." भिकाजी कंडक्टर मध्येच थांबले आणि शिट्टी पुसायला लागले.

गाऱ्हाणं संपल्यावर गुणाजी दाजींजवळ धावला. "दाजीनू, ह्या गुपचूप सांगूचा होता."

"मगे मी देवाकच सांगलंय मा?" दाजी म्हणाले. "बाकीच्यांका ऐकूक कोणी सांगललो?"

आता सडेवाडी खवळणार, अशी सगळ्यांची खात्री होती. पण बाबू रेघेपाशी आला तो निराळ्याच तोंडानं.

"गुणाजी, खराच रे? वरीसभर?"

"मगे काय खोटा?"

"बांगडोय नाय?"

"बांगडोय नाय."

"पावसात सुक्या तरी?"

"नाय म्हटलंय मा एकदा."

बाबूचा चेहराच पडला. बाबू मनानं वाईट नव्हता. विमला दिवसाआड त्याच्या दारात टोपली उतरवायची, आणि तिनं आणलेलं ताजं म्हावरं तो वर्षभर बोटं चाटून खात होता. आपण फरफटवलेला माणूस त्या वेळी भिंतीकडे बघून पिठी पितोय, हे त्यानं कधी खरं मानलंच नव्हतं. तो आपल्या गड्यांत गेला, काहीतरी बोलला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

भिकाजींनी शिट्टी वाजवली. बाबू हुतूतू करत आला. बेत फुटल्यामुळे बंदरवाडीचे सातही गडी खांबासारखे उभे होते. बाबू सरळ गुणाजीसमोर आला, थांबला, आणि दुपारी जेवून माणूस आडवा होतो तसा सावकाश वाळूत आडवा झाला. एकदा या कुशीवर वळला, एकदा त्या कुशीवर.

"लोळलंय," तो म्हणाला. "तुया लोळवलंस. आता घराक जाऊन मासे खा."

"उठ," गुणाजी म्हणाला. "मी तुका हात लावूक नाय."

"लावलंस. माका लागलाय."

"खंय लागला?"

बाबूला चटकन सांगता येईना. त्यानं गुडघा दाखवला. सडेवाडीचा एक गडी पुढे आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "आमी बगितला. गुणाजीनच पाडल्यान." हरिश्चंद्रानंही तेच सांगितलं, पण तो गुणाजीचा गडी असल्यामुळे त्याचं कोणी ऐकलं नाही.

भिकाजी गोंधळून गेले. "अहो, 'आमचा गडी पडला' म्हणून त्यांची बाजू ओरडते, आणि 'मी पाडलाच नाही' म्हणून तुम्ही ओरडता. मी बाद कोणाला देऊ?"

इथं गुणाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर्षभर पिठी प्यायली ती काय दान घेण्यासाठी? बंदरवाडीचा तांडेल तो. त्यानं कधी कोणाच्या जाळ्यातला मासा उचलला नव्हता.

"माका भीक घालतंस?" तो ओरडला. "मी तुका पाडतलंय, पण तू पडा नको. उभो ऱ्हव आधी!"

आणि तो बाबूला उठवायला लागला. बाबूनं अंग सैल सोडलं. गुणाजीनं काखेत हात घातले, तर बाबूनं वाळूत टाचा रुतवल्या. "आमच्या पडलल्या माणसाक उभो करतंस?" असं म्हणत सडेवाडीचा एक जण बाबूचे पाय धरून खाली ओढू लागला. त्याला बाळानं ढकललं. मग काय विचारता? आपला गडी पडला हे सिद्ध करायला सडेवाडी लढत होती आणि आपण पाडला नाही यासाठी बंदरवाडीला लढावं लागत होतं. बघणारे तृप्त झाले. लांबून आल्याचं सार्थक झालं.

अखेर गुणाजीनं बाबूला उभा केलाच. दोघेही घामाघूम. तेवढ्यात रिकामी टोपली काखेत घेऊन गर्दीतून वाट काढत विमला आली.

"ओ, काय चललाहा ह्या?"

"तू मधी पडा नको. ह्यो खोटो पडलो. असलो इजय माका नको. आणखी एक वरीस कुळीथ खाईन."

"तुमी खाशात. आणि मी?"

"तुझा काय?"

"नवरो पिठी पिता आणि बायलेन मासे खावचे? वरीसभर माझ्याय तोंडात काटो गेलो नाय."

गुणाजी बघतच राहिला. "माका वाटला तू खातंस."

"तुमी भिंतीकडे तोंड करून बसलास. तुमका दिसतला खंय?"

इतक्या वर्षांच्या संसारात गुणाजीला एवढी लाज कधी वाटली नव्हती. मारामारीसुद्धा थांबली. मध्येच बाबू काकुळतीनं म्हणाला, "वयनी, मी पडललंय ओ. ह्योच ऐकणा नाय."

"पडललास? मगे आता माझ्या हातान पड."

असं म्हणून विमलानं टोपली खाली ठेवली, दोन्ही तळवे बाबूच्या छातीवर ठेवले आणि धक्का दिला. भरली टोपली डोक्यावर घेऊन सडेवाडीची चढण चढणारी बाई ती. बाबू उताणा गेला, पालथा झाला, परत उताणा झाला आणि देवळाच्या पायरीशी जाऊन थांबला. उठून बसल्यावर त्यानं आधी वाळू थुंकली, मग भिकाजींकडे बघून प्रामाणिकपणे सांगितलं, "ह्या टायमाक मी आपणान पडूक नाय."

बंदरवाडीनं असा जल्लोष केला, की देवळावरची कबुतरं उडाली. गुणाजी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. त्याची छाती एवढी फुगली, की कुळथानं वर आलेली हाडं परत झाकून गेली!

"दाजीनू," विमला पदर खोचत म्हणाली, "नवस फिटलो काय नाय ता सांगा. माका घराक जाऊन चूल पेटवची आसा."

दाजींनी बराच विचार केला. नवस गुणाजीचा, लोळवला विमलानं. असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "बायल म्हणजे घोवाची अर्धांगी. तेवा अर्धो नवस फिटलो. गुणाजीन आमटी खावची, तुकडे खावचे नाय."

"आणि मी?" विमलानं विचारलं.

"तुझो नवस खंय होतो? तू खा."

"व्हय म्हाराजा!" म्हणून सगळा गाव मोकळा झाला.

घरी जाताना विमलाची रिकामी टोपली गुणाजीनं आपल्या डोक्यावर घेतली. वाटेत जो भेटेल त्याला थांबवून तो सांगत होता, "बाबू असो गेलो, उताणो! एका धक्क्यान! आमच्या विमलान!" चहाच्या दुकानापाशी तर त्यानं स्वतः लोळून दाखवलं.

संध्याकाळी तो जेवायला बसला तो विमलाकडे तोंड करून. तिनं त्याच्या भातावर बांगड्याची तिरफळं घातलेली आमटी ओतली, आणि तुकडे मोजून स्वतःच्या ताटात घेतले. गुणाजीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग तिच्या ताटातल्या तुकड्यांकडे बघत बंदरवाडीचा तो तांडेल अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "गो, पुढल्या जत्रेक आणखी एकदा जमतला मा तुका?"