मखमलचं तांबं आणि माझी तपासवही

माझ्या बुद्धीचं वजन करू शकेल असा काटा अजून निघालेला नाही. हे मी उगाच म्हणत नाही. एकतीस वर्षं मी वजनमापं तपासणारा निरीक्षक होतो, तेव्हा काट्यांतलं मला कळतं. दुकानदार घसा कसा खाकरतो एवढ्यावरून त्याचं किलोचं माप किती ग्रॅमने हलकं आहे ते मी सांगत असे. कधीकधी ते बरोबरही निघे. निवृत्तीनंतर अशी नजर घरात गंजू देणं म्हणजे समाजावर अन्याय, म्हणून मी खासगी गुप्तहेर झालो. आजवर सात प्रकरणं हाताळली, त्यांतलं एक सुटलं. हरवलेली छत्री ज्याच्याकडे होती त्यानेच ती आणून दिली, हा भाग गौण आहे.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक गोष्ट तोलायची, आणि तारीख घालून तपासवहीत लिहायची. ही वही जेवतानासुद्धा माझ्या काखेत असते. मदतीला माझा मेहुणा असतो. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि रविवारी मोकळा असतो, एवढीच त्याची पात्रता.

आठवं प्रकरण माझ्या सख्ख्या ताईचं निघालं. ताई एकटी राहते, म्हणजे मखमलबरोबर राहते. मखमल ही तिची तीन वर्षांची कुत्री. जात अशी, की लांबून कोकरू वाटावं. भावजी गेले त्या वर्षी मीच हे पिल्लू ताईच्या मांडीवर ठेवलं होतं, आणि तेव्हापासून ती पुन्हा वेळेवर जेवायला लागली.

"काही खात नाही रे ती," ताई दारातच म्हणाली. "हिरड्या पिवळ्या पडल्यात. डॉक्टरीणबाईंनी सुईने यकृताचा कण काढून तपासला. म्हणाल्या, तांबं साठलंय. फार साठलंय." तिने मखमलला छातीशी धरलं. "हिला काही झालं तर मी काय करू?"

"तांबं!" मी वही उघडली. "ताई, मन घट्ट कर. मखमलवर विषप्रयोग होतोय."

"असं डॉक्टर नाही म्हणाल्या."

"डॉक्टर फक्त यकृत बघतात. मी माणसं बघतो. हल्ली घरात कोण येऊन गेलं?"

"नळवाला आला होता. स्वयंपाकघरातला नळ गळतोय ना."

मी मेहुण्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

नळवाला हा वीस वर्षं ताईच्या घरी येणारा, कमी बोलणारा माणूस. कमी बोलतो याचा अर्थ काहीतरी लपवतो. शिवाय मखमलने एकदा त्याची विजार फाडली होती, म्हणजे सुडाचं कारणही तयार. मी त्याला मोरीखाली गाठलं.

"तू इथे तांब्याच्या नळ्या बसवल्यास!"

"साहेब, या प्लास्टिकच्या आहेत."

"आता आहेत. आधी कसल्या होत्या?"

"आधीही प्लास्टिकच्याच."

"म्हणजे तू पुरावा पुराव्यानेच बदललास!"

त्याने पान्हा खाली ठेवला. "साहेब, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झालं," एवढं बोलून तो हत्यारं आवरून निघून गेला. नळ तसाच टपटपत राहिला. 'संशयित पळाला,' असं मी वहीत लिहिलं.

मात्र थोर गुप्तहेर एका धाग्यावर विसंबत नाही. ताईच्या मनगटात सांधेदुखीसाठी तांब्याचं कडं असतं. मखमल तिचा हात चाटते. झालं, सुतावरून मी स्वर्ग गाठला. तीन दिवस मी ते कडं सकाळ-संध्याकाळ तोललं. चाटून झिजत असेल तर वजन उतरायला हवं. तिसऱ्या दिवशी ते अर्ध्या ग्रॅमने वाढलं.

"साबण लागलाय त्याला," मेहुणा म्हणाला.

"किंवा कुत्रीतलं तांबं परत कड्यात येतंय," मी म्हणालो. ताई त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

उरली मुख्य साक्षीदार. मखमलची साक्ष मी रोज दुपारी घेत असे. नळवाल्याची मोरीपाशी विसरलेली टोपी दाखवायची, आणि ती भुंकली की बक्षीस म्हणून वाळवलेल्या कलेजीचे पंधरा ग्रॅम तुकडे द्यायचे. बाकी कशाला तोंड लावत नव्हती बिचारी, पण कलेजी खाई. पहिल्या दिवशी भुंकली. चौथ्या दिवशी नुसती शेपटी हलवली, तरी मी बक्षीस दिलं. नवव्या दिवशी उठलीच नाही. डोकं ताईच्या पायावर ठेवून पडून राहिली, आणि मी तुकडे पुढे केले तर तिने माझा हात चाटला. त्या दिवशी मात्र मी तुकडे परत खिशात टाकले. मी वहीत काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. मखमलच्या गालातून बोळा फिरवून त्यांनी कुठेसा तपासायला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं होतं. मी ठरवलं, सगळा उलगडा तिथेच करायचा. नळवाल्यालाही निरोप धाडला. दवाखान्याच्या बाकांवर ताई, तिच्या मांडीवर मखमल, मेहुणा आणि नळवाला, शिवाय मांजराची टोपली घेतलेल्या एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांचा संबंध नव्हता, पण श्रोते वाढले.

"या खोलीत," मी गंभीर आवाजात म्हणालो, "एक असा माणूस आहे, ज्याने मखमलच्या शरीरात तांबं भरलं!"

मांजर टोपलीत शिरलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या.

"कुणी काही भरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तांबं रोजच्या अन्नात असतंच. यकृत नको तेवढं पित्तावाटे बाहेर टाकतं. हिच्या यकृताला ते जमत नाही, जन्मापासून. हे काम करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, हिच्या दोन्ही बिघडलेल्या निघाल्या. एक आईकडून आली, एक बापाकडून."

"मग आईबाप आजारी कसे नाहीत?" ताईने विचारलं.

"त्यांच्याकडे एकेक चांगली प्रत असेल, तेवढ्यावर भागतं. अशा दोघांची जोडी जमवली की प्रत्येक पिल्लामागे चारांत एक धोका. म्हणून तर जोडी लावण्याआधी तपासणी करा म्हणते मी. हिच्या आईबापांची जोडी कुणी लावली होती?"

माझ्या काखेला घाम आला. मखमलची आई आमच्या शेजारच्या शिंपीणबाईंची कुत्री. बाप सुभेदार, म्हणजे माझाच कुत्रा, जो त्या क्षणी माझ्या घरी माझ्याच खुर्चीत झोपला होता.

मेहुण्याने हात घालून माझ्या काखेतली वही ओढली, तीन वर्षं मागे उलटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: "'डॉक्टरीणबाईंचा सल्ला: सुभेदार व शिंपीणबाईंची कुत्री, दोघांच्या गालातून बोळा फिरवून तपासणी करावी. माझं उत्तर: गरज नाही. माझी नजर हीच तपासणी. पिल्लं चार.'"

"काखेत कळसा," आजीबाई म्हणाल्या.

"पुढे आहे," मेहुणा पानं उलटत म्हणाला. त्याला चष्म्याच्या दुकानात एवढा आनंद कधी मिळाला नसेल. "गेल्या आठवड्यापासून. 'कलेजी, पंधरा ग्रॅम. कलेजी, पंधरा ग्रॅम.' आठ दिवस."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. "कलेजीत तांबं सगळ्यात जास्त असतं. मी ताईंना कागदावर लिहून दिलं होतं, कलेजी बंद."

"तो कागद," मी हळूच म्हणालो, "ताईने वाचण्याआधीच मी पुरावा म्हणून जप्त केला होता."

नळवाला हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. मी ताईकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाच्या चेहऱ्यावरून काही ओळखायची भीती वाटली.

"ताई, मीच केलं हे," मी म्हणालो.

ती बराच वेळ मखमलच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "वाचेल का?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"तांबं बाहेर काढणारं औषध आजच सुरू करू. खाणं जन्मभर मोजूनमापून. उशीर झालाय, पण फार नाही. वाचेल असं वाटतंय मला."

"मोजूनमापून," ताई माझ्याकडे बघून म्हणाली. "काटा घेऊन रोज सकाळी येत जा. आणि आधी त्या माणसाची माफी माग."

मी मागितली. त्याने मान हलवली आणि त्याच संध्याकाळी येऊन नळ दुरुस्त केला. मी मोरीखाली विजेरी धरून बसलो होतो. "जरा डावीकडे, साहेब," एवढंच तो बोलला, दोनदा.

आता मखमल महिन्याभराने पुन्हा भुंकायला लागली आहे, बहुतेक माझ्यावरच. पण पिल्लं चार होती. उरलेल्या तिघांचे पत्ते, जन्मतारीख आणि जन्माचं वजन माझ्या वहीत होतं. त्यांच्या मालकांपैकी कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

गेल्या रविवारी मी पहिल्या दाराची घंटा वाजवली. मेहुणा बोळ्यांची पाकिटं घेऊन मागे उभा होता. दार उघडणाऱ्या बाईंच्या पायांतून एक कोकरू बाहेर डोकावलं, हुबेहूब सुभेदारचं नाक घेऊन.

"कोण आपण?" बाईंनी विचारलं.

एरवी या प्रश्नाचं माझं उत्तर पाव तास चालतं.

"मी याच्या बापाचा मालक," मी म्हणालो. "माझी एक चूक झालीय. याचा गाल जरा बघू द्याल का?"