कमी पडलेले चौदा रुग्ण

खुलताबादजवळच्या एका गावात उच्च रक्तदाबाचे चौदा रुग्ण कमी पडत होते. लोकसंख्येच्या प्रमाणात त्रेचाळीस असायला हवे होते. कंत्राटी आरोग्यसेविका निशा हिला घरोघर फिरून एकोणतीसच सापडले. तालुका समन्वयक शिवराज सरांनी तिला बोलावून घेतलं.

"बाकीचे कुठं गेले?"

"सर, बाकीचे ठणठणीत आहेत."

"ठणठणीत असा रकाना आपल्या तक्त्यात नाही," सर शांतपणे म्हणाले. "महिनाअखेर चौदा द्या. तुमच्या कंत्राटाचं नूतनीकरण त्यावर आहे."

शहरात मुकुंदवाडीतली निशाची भाड्याची खोली आणि तिच्या दोन मुलींची शाळा त्या कंत्राटावर चालायची. तिनं प्रशिक्षणाची वही काढली. डॉक्टरांनी शिकवलेलं सगळं तिनं नीट उतरवून घेतलं होतं. माणूस घाबरला की अनुकंपी मज्जासंस्था जागी होते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, हृदय जोरात धावतं, रक्तवाहिन्या आवळतात. मूत्रपिंडं रेनिन सोडून मीठ-पाणी धरून ठेवतात. दाब चढतो. हे रोजचंच झालं, तर तो उतरायचं विसरतो. म्हणून मोजण्याआधी माणसाला घाबरवू नये, असं खाली अधोरेखित केलेलं होतं. ते वाचून निशाला मार्ग दिसला.

सत्तरीचे कडुबा ओट्यावर मका सोलत बसले होते. दाब एकशे अठरा-शहात्तर.

"बाबा, सातबारा शेवटचा कधी बघितला होता?" दंडाचा पट्टा न सोडता तिनं विचारलं.

"कशाला बघू? जमीन तिथंच हाय की."

"आता सगळं ऑनलाइन झालंय. काहींची नावं गळालीत म्हणे."

कडुबांच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. "माझं बी?"

एकशे बावन्न-शहाण्णव. निशानं नोंद केली. शेजारच्या द्वारकाबाईंना तिनं विधवा पेन्शनच्या यादीची फेरतपासणी ऐकवली, एकशे साठ. तिला वाईट वाटलं, पण आठवड्यात चौदा भरले. सरांनी शाल देऊन सत्कार केला.

मग नवं परिपत्रक आलं. सापडलेल्यांपैकी ऐंशी टक्के रुग्ण तीन महिन्यांत नियंत्रणात आणायचे होते.

निशा गोळ्या घेऊन कडुबांकडं गेली. या वेळी त्यांना निवांत बसवलं, काही विचारलं नाही. तरी एकशे अठ्ठावन्न.

"बाबा, ते सातबाऱ्याचं मी उगीच बोलले होते."

"उगीच कसं? तुझ्यामुळंच कळलं, पोरी. म्या काढून बघितला. आमचा थोरला भाऊ सांडू मरून आठ वर्षं झाली, त्याचं नाव हाय. माझं नाय. दीड महिना चकरा मारतोय. साहेब म्हणतेत, जिवंत असल्याचा पुरावा आणा. द्वारकाबाईचं बी यादीतून उडालंय. तू लई मोठं काम केलंस बघ."

त्यांनी चहा मागवला. निशानं तो तसाच ठेवून तालुक्याची गाडी धरली.

तिनं सरांना सगळं सांगून टाकलं. "आधी मी घाबरवलं म्हणून चढला होता, सर. आता खरंच चढलाय. नाव लागलं तर उतरेल."

"नाव हा महसूलचा विषय. आपल्याकडं फक्त दाब."

"मग मी त्यांच्याबरोबर जाऊन येते."

"जा. पण रविवारी."

रविवारी तहसील कचेरी बंद असते, हे दोघांनाही ठाऊक होतं. निशानं बिनपगारी रजा टाकली आणि कडुबांना घेऊन गेली. एकदा साहेब बैठकीत होते, एकदा सर्व्हर बंद होता. चौथ्या फेरीत नाव लागलं, 'कडुबाई' असं. दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज होता. कडुबा म्हणाले, "असू दे, कुणीतरी हाय ना तिथं." त्यांचा दाब एकशे छत्तीसवर आला.

निशाचा एकशे चौसष्ट निघाला. सरांनी तो तत्परतेनं नोंदवून घेतला. लक्ष्यापेक्षा एक जास्त.

तिची पद्धत वरपर्यंत पोचली. पुढच्या तिमाहीत मोहीम छत्रपती संभाजीनगर शहरातल्या सुशिक्षित, वाचनाची आवड असलेल्या कुटुंबांत राबवायचं ठरलं. तिथं सेविकेनं काहीही विचारायची गरज नाही, असं परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं. संबंधित व्यक्ती मोबाईलवर बातम्या वाचत असतानाच पट्टा बांधावा.